टेपखालची दोन बोटं

—नाही नाही, बाहेर येऊ नका, पडद्याआडच थांबा. समोर मुलींचा क्लास आत्ताच सुटलाय, उगाच फुकटचा तमाशा. तुमची पँट माझ्या हातात आहे, म्हणजे सुखरूप आहे. काय म्हणता, पाच मिनिटांत? अहो, शिवण काय अशीतशी उसवलीय? पार पट्ट्यापासून खाली आलीय! बसलात तरी कसे तुम्ही? रेडिमेड ना? बघा, वाटलंच मला. ह्या रेडिमेडवाल्यांचा आत बोटभर कापड सोडायला जीव जातो, माणूस जरा वाकला की फर्र! मी शिवलेली पँट घालून तुम्ही कोलांटी मारली असतीत तरी काही झालं नसतं. असो. चारच्या आत हातात देतो, अगदी इस्त्री मारून. मलाही चारला समोरच्या हॉलवर जायचंय, तेव्हा तुमच्यापेक्षा घाई मलाच जास्त आहे. बाकड्यावर बसा, टॉवेल धुतलेला आहे.

चारला काय? परीक्षा! माझी कसली हो ह्या वयात—म्हणजे निम्मी माझीच म्हणा. सुनेची आहे. फिटनेस कोच व्हायचंय तिला. हसलात ना? हसा, मीही हसलो होतो. मी म्हटलं, अगं, व्यायाम शिकवायला कसली आलीय परीक्षा? दंडाला बेडकी असली, गळ्यात शिट्टी अडकवली, की झालं. तर ती म्हणते, बाबा, हातात कात्री आली म्हणून कुणीही कोट कापू शकतं का? मी आपली कात्री उचलली आणि कामाला लागलो.   चार वर्षं ती त्या क्लबात काउंटरवर बसून लोकांना लॉकरच्या किल्ल्या देत होती, आणि समोर एकेक महाभाग लोकांचे गुडघे कामातून घालवत होता. तिथला तो मोठा कोच—सगळे त्याला पैलवान म्हणतात—त्याचं सर्टिफिकेट भिंतीवर आहे, सोनेरी काठाचं, मी जाऊन पाहिलंय. दोन दिवसांचा कोर्स, घरबसल्या, मोबाईलवर! आणि त्याने एका आजींना पहिल्याच दिवशी उड्या मारायला लावल्या. आजी तीन महिने अंथरुणात. हिने त्या दिवशी जेवण केलं नाही. दुसऱ्या दिवशी सहा महिन्यांच्या कोर्सला नाव घालून आली.

मी तिला म्हणालो होतो बरं का, तूही तो दोन दिवसांचाच कर की, सर्टिफिकेटवर काय दिवस मोजलेले असतात? असं बघितलं माझ्याकडे! तीन दिवस चहा अळणी—म्हणजे बिनसाखरेचा. नंतर कळलं की ते रागाने नव्हतं, ते माझं वजन कमी करायला होतं.

हो, कारण मीच तो. काय तो? गिऱ्हाईक! त्यांच्या कोर्सात काय असतं, आधी लेखी, मग प्रथमोपचार, मग प्रात्यक्षिक, आणि सगळ्यात अवघड म्हणजे पंचावन्नच्या पुढचं एक गिऱ्हाईक धरून बारा आठवडे त्याच्याकडून व्यायाम करून घ्यायचा. रोजची नोंद, दर आठवड्याला माप, आणि शेवटी त्या गिऱ्हाइकाला परीक्षकापुढे उभं करायचं, तो आपल्या हाताने माप घेऊन ताडून बघणार. आमच्या घरच्या म्हणाल्या, मला जमायचं नाही, ह्यांनाच न्या. मला बिनपगारी बळीचा बकरा केला हो! लेखीत ती एकदा नापास झालीय, माहीत आहे? स्नायूंची ती लांबलचक नावं. मग मी युक्ती काढली—माझा जुना पांढरा शर्ट घातला, खडू दिला तिच्या हातात आणि म्हटलं, काढ पाठीवर. महिनाभर रोज माझ्या पाठीवर नकाशा! एकदा तसाच दुकानात आलो, गिऱ्हाईक विचारतं, मास्तर, हा नवीन नमुना का? आणि तो कोपऱ्यातला पुतळा दिसतो का पडद्याच्या फटीतून? छातीला चीर गेलेला? तो प्रथमोपचार. बंद पडलेलं हृदय चालू कसं करायचं, ते त्याच्यावर शिकली. बिचारा आधीच मेलेला, त्याला दोनदा मारला. पण दुसऱ्या खेपेला लेखीत पहिली आली. पहिली!

थांबा, बॉबिनमधला दोरा संपला. हं.

आणि मी काय कमी गुणी गिऱ्हाईक आहे? म्हणजे—तुम्ही बाहेरचे आहात, पुन्हा कशाला येताय, म्हणून सांगतो. ह्या मशीनच्या खणात बिस्किटं असतात. बटणांच्या डब्याखाली. तिला कळलेलं नाही. व्यायाम मात्र मी इमानाने केला हां, रोज सकाळी, एक दिवस चुकवला नाही. उठ-बस करायची, भिंतीला रेटा द्यायचा, पायरीवर चढ-उतर करायची. पण तिसऱ्या आठवड्यात कंबर जागची हलेना. टेप धरली की तोच आकडा, आणि पोरीचं तोंड एवढंसं. मुलगा फिरतीवर असतो, तिने मन मोकळं करायचं कुणाकडे? एकदा स्वयंपाकघरात तिला आईशी फोनवर बोलताना ऐकलं—म्हणे, माझ्यातच काहीतरी कमी आहे.  मग मी काय करणार? मी शिंपी आहे. माझ्या चारही पँटी घेतल्या, उसवल्या, अर्धा अर्धा इंच सैल केल्या आणि सकाळी अशी पँट ओढत ओढत बाहेर आलो—अगं, ही उतरतेय बघ, पट्टा कुठेय माझा? काय खुलली ती! पुढच्या आठवड्यात आणखी पाव इंच. नाटक करण्यात आपण कमी नाही. गंमत म्हणजे सहाव्या आठवड्यापासून खरंच कमी व्हायला लागली कंबर, मग मलाच सैल केलेलं परत आत घ्यायची पाळी आली. स्वतःच्या पँटी एवढ्या वेळा उसवलेला शिंपी जगात दुसरा नसेल.

खोटेपणा म्हणता? छे, छे! पँटीचं कुठे लिहायचं असतं फाईलमध्ये? फाईलमध्ये टेपचं माप. तिथे एक पैचाही घोळ नाही.

म्हणजे... एक आहे. बारीकसा. काल झोपताना डोक्यात आला आणि मग झोपच लागली नाही. पहिलं माप मी घेतलं होतं. पहिल्या दिवशी तिला सासऱ्याच्या कमरेला टेप गुंडाळायचा संकोच वाटला असणार, मी म्हटलं, आण इकडे, चाळीस वर्षं हेच करतोय मी. घेतलं, बेचाळीस सांगितलं, तिने लिहिलं. पुढच्या आठवड्यापासून ती स्वतः घ्यायला लागली, कातडीला चिकटवून, त्यांच्या पुस्तकात दिलंय तशी. आणि मी कसं घेतो? सांगा. आम्ही शिंपी टेपच्या आत दोन बोटं घालतो! माणसाला बसायचं असतं, जेवायचं असतं, श्वास घ्यायचा असतो. माझी बोटं आपोआप जातात हो, मला विचारत नाहीत. म्हणजे त्या बेचाळीसमध्ये दीड इंच माझी बोटं आहेत! आणि फाईलवर लिहिलंय, बेचाळीसचे अडतीस, चार इंच घट. आता परीक्षक काय माप घेणार? आजचं. आजचं बरोबर अडतीसच भरणार. पहिल्या दिवसाचं कुणाला कळायचं नाही. मी बोललो नाही तर ह्या जगात कुणाला कळायचं नाही.

पण नियम कडक आहे. खोटी नोंद सापडली तर दोन वर्षं परीक्षेला बसू देत नाहीत, तिनेच वाचून दाखवलं होतं. आणि क्लबात एक तारखेपासून साठीच्या पुढच्यांचा वर्ग सुरू होतोय, जागा तिच्यासाठी धरून ठेवलीय, सर्टिफिकेट आणलं तरच. नाहीतर पैलवान आहेच टपलेला, उड्या मारायला लावायला. तिला सांगावं, तर ती शहाणी स्वतः जाऊन परीक्षकाला सांगणार, असली आहे ती. म्हणून मी ठरवलंय की आज तोंडाला टाका. चारला हॉलवर जायचं, पोट आत, तोंड बंद, माप देऊन परत. कसं? बरोबर ना? तुम्ही काही बोलत नाही म्हणजे तुम्हालाही पटलेलं दिसतंय.

झाली शिवण. दुहेरी टीप मारलीय, आता पँट फाटेल पण शिवण उसवायची नाही. इस्त्री फिरवतो—अरे, तुमची फाईल इथेच ठेवलीत का, तापलेल्या इस्त्रीशेजारी? हलवतो जरा—अरेरे, पडली. असू दे, असू दे, मी उचलतो, बसून उठणं हा आता माझ्या हातचा मळ आहे. हं, ही पानं, ही शिट्टी, हे—

हे अक्षर ओळखीचं आहे.

हे तर आमच्या... अहो. अहो, तुम्ही कोण?

तरीच. तरीच पँट फाटली. पोरांना बैठक मारून दाखवायला गेलात, होय ना? आधीच्या तुकडीला? आणि मी मघापासून—अर्धा तास—अहो, एका शब्दाने तरी सांगायचंत की मी परीक्षक आहे म्हणून! काय? मी बोलूच दिलं नाही?

हे बघा, साहेब. मघाशी मी जे बोललो ना, ते सगळं... मला बढाई मारायची सवय आहे, कुणालाही विचारा. नाही. नको. खोट्यावर आणखी खोटं कशाला. खरं आहे ते. पण बोटं माझी होती. तिची नव्हती. तुमच्या त्या नियमात गिऱ्हाइकाला शिक्षा असेल तर मला करा, दोन वर्षं मला कुठल्याही परीक्षेला बसू देऊ नका, मी लिहून देतो. तिच्या नावापुढे काट मारू नका. हात जोडतो तुम्हाला. पडद्यातून दिसत नसेल, पण खरंच जोडलेत. तिने एका पैचीही लबाडी केली नाही हो, सासऱ्यावर विश्वास टाकला एवढीच तिची चूक.

काय? आठवं पान? काढतो. चष्मा... हं. ‘पहिल्या मापाविषयी टीप.’ तिचंच अक्षर. वाचू? ‘पहिलं माप ग्राहकाने स्वतः घेतलं. ग्राहक शिंपी आहेत आणि शिंपी टेपखाली दोन बोटं घालतात. हे दुसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं. दीड इंच वजा धरावा. खरी घट अडीच इंच.’

दुसऱ्या आठवड्यात! आणि मी काल रात्रभर छताकडे बघत पडलो!

खाली आणखी आहे. ‘ग्राहक आपल्या पँटी स्वतःच सैल करतात, जुन्या शिवणीची भोकं कापडावर दिसतात. त्यामुळे ते आनंदात असतात आणि व्यायाम चुकवत नाहीत, म्हणून मी कळल्याचं दाखवलं नाही. ग्राहक रोज चार बिस्किटं खातात. हिशेबात धरली आहेत.’ चार नाही हो, तीन! एखाद्या दिवशी चार. बघा म्हणजे कसली आतल्या गाठीची आहे ही. मी हिच्यासाठी नाटक करतोय, आणि ही माझं नाटक बघत बसलीय, टाळ्या वाजवत! घरात मी एकटाच बिलंदर आहे असं मला चाळीस वर्षं वाटत होतं.

आणि हे शेवटचं काय? ‘ध्येय. ग्राहकाने सांगितलेलं: कंबर कमी करणे. खरं ध्येय: सगळ्यात वरच्या फळीवरचं कापड स्वतः काढणे. दोन वर्षांपासून ग्राहक स्टुलावर चढत नाहीत. वरचा रंग कुणी मागितला तर संपलाय सांगतात. पायऱ्यांचा आणि तोलाचा व्यायाम ह्यासाठीच दिला. दहाव्या आठवड्यात ग्राहकांनी वरचं निळं कापड स्वतः काढलं. त्यांच्या हे लक्षात आलेलं नाही.’

...

हे तिला कुणी सांगितलं? मी नाही सांगितलं. कुणालाच सांगितलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी पडलो होतो इथे, दुकानात एकटाच होतो, बराच वेळ उठताच येईना. घरी सांगितलं, दारात ठेचकाळलो म्हणून. त्यानंतर स्टूल बघितलं की पायाला कापरं भरायचं. शिंप्याला आपल्याच दुकानातल्या कापडाची भीती वाटते, हे कुणाला सांगणार? तोंडाची टकळी चालू ठेवली की माणसं पायांकडे बघत नाहीत, असा माझा समज होता.

निळं कापड. हो की. त्या बाईंना तेच हवं होतं. चढलो, काढलं, उतरलो, आणि वर त्यांच्याशी भावावरून हुज्जत घालत होतो.

नाही, काही झालं नाही. रडू येतंय मला, दुसरं काय? तुम्ही पडद्याआड आहात तेच बरं आहे. ही घ्या पँट, घाला. फाईल होती तशी लावून ठेवलीय, पानं नीट बघून घ्या. आणि साहेब, चारला मी हॉलवर येईन तेव्हा तुम्ही मला ओळखायचं नाही, आणि ते पान मी वाचलं हे तिला मुळीच कळता कामा नये. तिचं माझ्यापासून काहीतरी लपलेलं राहू दे, तेवढी मजा हवी पोरीला. अहो, आवरा लवकर—ती बघा, मला न्यायला निघालीय, रस्ता ओलांडतेय. मागच्या दाराने निघा, बोळातून हॉलला वळसा पडेल थोडा, पण जा. जा म्हणतो ना. मला तोंड धुऊन घेऊ द्या.