भट्टीच्या खोलीतून

[आयर्लंडमधलं मलिंगार. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये, जेवणाच्या सुट्टीत डॉ. अक्षया गाडीत एकटीच बसून सीमेलगतच्या पूंछला वडिलांशी, नंदकुमारांशी, फोनवर बोलते आहे.]

अक्षया : आबा, आवाज तुटतोय. जरा दारापाशी या ना.

नंदकुमार : दारापाशी यायचं न्हाई, पोरी. पोलीस सांगून गेल्यात. सोनं गाळायच्या भट्टीची खोली हाय न्हवं, हितंच बसलोय. भिंती जाड हायत.

अक्षया : पण शस्त्रसंधी झाली ना? काल मीच तुम्हाला फोन करून सांगितलं.

नंदकुमार : झाली की. गल्लीत जिलेबी वाटली लोकांनी. हातातली जिलेबी संपली न्हाई तवर परत तोफा सुरू.

अक्षया : तुम्ही बरे आहात ना? खरं सांगा.

नंदकुमार : मला काय धाड भरलीय... अक्षू, आपला शेजारचा हरबन्स गेला.

अक्षया : कुठे? जम्मूला, भाभींकडे?

नंदकुमार : न्हाई गं.

अक्षया : ...आबा.

नंदकुमार : टीव्हीवर संधी झाली म्हनल्यावर मला म्हनला, "नंदूभाई, दुकानाचं शटर बघून येतो, आईकडं ध्यान ठेवा." कापडाच्या दुकानापातूर पोचलाबी न्हाई. चौकातच गोळा पडला. वळखायला मीच गेलतो.

अक्षया : हरबन्स वीरजींनी मला सायकल शिकवली, आबा. त्याच चौकात.

नंदकुमार : व्हय.

अक्षया : त्यांच्या आईला, बीजींना सांगितलं?

नंदकुमार : त्याच्यासाठीच फोन केलाय. म्हातारी हितंच हाय, पलीकडं बाजेवर. तिच्या घराला पत्रा, म्हनून हिकडं आनली. मराठी कळत न्हाई तिला, म्हनून बोलतोय. कालपास्नं इचारतीया, हरबन्स आला का, हरबन्सला रोटी ठिवली का. मी म्हनतो, रस्ता बंद हाय. सून जम्मूवरनं पोरांना घिऊन उद्या येनार. तवर लपवू? का सांगू? आन् सांगू तर कसं? तू तितं लोकांना सांगतीस न्हवं?

अक्षया : सांगते.

नंदकुमार : कसं सांगतीस?

अक्षया : आधी खाली बसायचं. त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर. मग सरळ सांगायचं, फिरवून नाही. "गेला" म्हणू नका. माणूस विचारतो, कुठे गेला.

नंदकुमार : आन् मग?

अक्षया : मग गप्प बसायचं. हात धरायचा. समजूत घालायची नाही, देवाचं नाव काढायचं नाही. नुसतं तिथे असायचं.

नंदकुमार : तुझी आई गेली तवा मी तुला फोनवरच सांगितलं. भडाभडा. तुझा हात कोनी धरला गं तवा?

अक्षया : कुणी नाही. ड्युटी होती.

नंदकुमार : तवाबी ड्युटी.

अक्षया : आबा, गावी विट्याला जा ना तुम्ही काकांकडे. तीस वर्षं पूंछचं सोनं गाळलंत, पुरे झालं आता. नाहीतर इकडे या.

नंदकुमार : थांब जरा. म्हातारी उठून बसली. माझ्याकडंच बघतीया.

अक्षया : ठेवू मी?

नंदकुमार : नगं. असू दे चालू. खाली ठिवतो.

अक्षया : आबा?... आबा, काही ऐकू येत नाहीये.

रोहित : [हॉस्पिटलमधला सहकारी, गाडीच्या काचेवर टकटक करत] अक्षयाताई! काच खाली घ्या ना. वॉर्डवर शोधतायत तुम्हाला. सगळं ठीक?

अक्षया : हो रे, सगळं ग्रँड. पाच मिनिटांत आले.

रोहित : आणि न्यूज बघितली ना? सीजफायर झालं. तुमचे बाबा तिकडेच आहेत ना? सुटलात बुवा!

अक्षया : हो.

रोहित : मग संध्याकाळी या जेवायला. आमची स्वानंदी कधीची म्हणतेय. आता काय, टेन्शन नाही.

अक्षया : बघते. तू हो पुढे, रोहित.

नंदकुमार : अक्षू, हायस का?

अक्षया : आहे, आहे. सांगितलंत?

नंदकुमार : सांगायची पाळीच आली न्हाई. खाली बसलो, हात धरला. तोंड उघडायच्या आधी तीच म्हनली, "नंदू, इतक्या येळा त्याचं नाव घेतलंस फोनवर. एकदाबी हसला न्हाईस."

अक्षया : रडल्या?

नंदकुमार : अजून न्हाई. नुसती बसलीया. पंजा लई घट्ट हाय गं म्हातारीचा.

अक्षया : तिथेच बसा.

नंदकुमार : बसतो की. तू जा आता, पेशंट खोळंबली असतील.

अक्षया : जाते. तुम्ही ठेवा आधी.

नंदकुमार : दोन्ही हातांनी धरलंय तिनं मला. तूच ठेव.