विमानाच्या पोटातली जागा

नाही म्हणजे नाही, रोझविठाबाई — आणि तो केक परत न्या, माझ्या दातांना झेपत नाही. काय? दोनच वाक्यं? दोन वाक्यांसाठी मला चौकात उभं करणार, मागं बँड, पुढं मेयर, मधे तुमच्या वडिलांच्या नावाचा दगड. आणि मी टोपी हातात धरून सांगायचं — मी गेरोल्ड, कप्तान लुबेनचा मेकॅनिक, कप्तानानं मला विमानाच्या पोटात घालून क्रिमियातून जिवंत आणलं. हेच ना? हेच. अख्ख्या गावाला पाठ आहे, मग मी कशाला हवा? बसा. त्या स्टुलावर नको, ते तुमच्या वडिलांचं होतं — बरं बसा, बसा, आता कोण येतंय. मी काम करत बोलतो, हे मोपेड पाद्रीबुवांचं आहे, रविवारी नाही मिळालं तर प्रवचनात माझा उद्धार करतील.

तुमचे वडील विमान उडवायचे मात्र झकास, त्यात खोट काढणार नाही. युद्धाच्या सुरुवातीला फ्रान्सला होतो तेव्हा साधे लेफ्टनंट, मिसरूडही धड नाही, पण विमान असं उतरवायचे की चाकांखालचं गवत मोडू नये. एक विमान पाडलं की शेपटीच्या सुकाणूवर एक पांढरा पट्टा — तो मी रंगवायचा. रशियात गेलो आणि सुकाणूवर जागा पुरेना. पोरं मागून म्हणायची, साहेबांचा घसा दुखतोय — म्हणजे गळ्यात शौर्यपदकाचा क्रॉस पडल्याशिवाय हे दुखणं जायचं नाही. पडला एकदाचा. घसा बरा झाला, तुकडीप्रमुख झाले, छायाचित्रकार आले, मला म्हणाले तू जरा बाजूला हो. आणि एकेका पट्ट्यामागं कोणीतरी जळत खाली गेलं होतं, तेही त्यांच्याच देशात, आम्ही तिथं पाहुणे म्हणून गेलो नव्हतो — हे कोरताय का दगडावर? नाही ना. मग माझंही कोरू नका.

तुम्हाला ऐकायचंच आहे? मग मान खाली घालू नका. क्रिमियाच्या टोकाला समुद्र पाठीला लागला होता, तोफगोळे धावपट्टीवर पडत होते, बोटी किनाऱ्यापासून हात दोन हात लांब जाऊन बुडत होत्या. आमच्या विमानात खुर्ची एकच. पण वैमानिकाच्या पाठीमागं, पोटाला, एक झाकण असतं — आतला रेडिओ काढला की माणूस सरपटत आत जातो, गुडघे छातीशी, मिट्ट काळोख, तोंडात तेलाचा वास. तुमच्या वडिलांनीच हुकूम काढला — प्रत्येक वैमानिकानं आपला मेकॅनिक पोटात घालून न्यायचा, एकही माणूस मागं राहता कामा नये. चांगला हुकूम! बाकीच्यांनी पाळला. एकानं तर दोघांना कोंबलं. आमचं विमान शेवटी, प्रमुखाचं ना. मी रेडिओ उपटला, घोंगडी अंथरली, झाकण आतून ओढून घ्यायला दोरी बांधली — दोरी मी बांधली, हो. आता ते इंजिन आतून चालू होत नाही, कोणालातरी पंखावर उभं राहून हँडल फिरवायला लागतं. कोण फिरवणार? मीच. फिरवलं, इंजिन सुरू झालं, मी उडी मारून मागं झाकणाकडं पळालो — आणि विमान हललं.

नाही, गोळा नंतर पडला. नंतर! सगळे हेच विचारतील म्हणून सांगतो, आधी हललं आणि मग गोळा पडला. मी धावत होतो, त्यांच्या आरशात दिसत असणार, झाकण उघडं, दोरी लोंबतेय, हाताला लागलीसुद्धा ती दोरी. वर गेले आणि एक फेरी मारली. मी तिथंच उभा. म्हटलं, आता उतरतील. फेरी मारली म्हणजे बघितलंच असेल ना? मग समुद्राकडं वळले. कोळशाच्या खाणीत रशियनांनी मला वर्षानुवर्षं राबवलं, आणि मी ती फेरीच मोजत — मोजत काय, चघळत बसलो.

परत आलो तर स्टेशनवर कोण? तेच. आणि माझी लीना त्यांचा हात दोन्ही हातांत धरून रडतेय — कप्तान, तुम्ही त्याला क्रिमियातून आणलंत, पुढं रोमेनियात तो रशियनांच्या हाती सापडला त्याला तुम्ही काय करणार. त्यांनीच सांगितलं होतं तिला असं. ते माझ्याकडं बघत होते. मी काय बोलणार, तिथं, बायकोसमोर, अंगावर उवा घेऊन? मेली बिचारी त्यांचं नाव घेत. मग दर नोव्हेंबरात संत मार्टिनच्या सणाला, सगळे खातात तसा भाजलेला हंस घेऊन यायचा. यायचा, म्हणतोय मी, तो! त्या स्टुलावर बसायचा, कोर्न दारूची बाटली उघडायचा, तेलाच्या दाबावर बोलायचा, हवेवर बोलायचा, आणि दरवर्षी मला वाटायचं, आता म्हणेल. मला माफी नको होती हो. भीती वाटली, एवढंच म्हण. भीती सगळ्यांनाच वाटते, मला काय वाटत नव्हती? पेला ठेवायचा आणि निघायचा. मी हंस खायचो. चवदार असायचा, हाच तर वैताग. आणि आता मेला, न बोलता, आणि तुम्ही मला दगडापाशी उभं करून त्याच्या जागी मलाच बोलायला लावताय.

रडू नका. पुसा ते, त्या फडक्याला ग्रीस आहे, ते नको.

एक सांगा. शेवटी इस्पितळात तुम्ही होतात ना? काही बोलले? काय म्हणालात — खिडकी? सारखं विचारायचे बंद आहे का, बंद आहे का, आणि नर्स उठून खिडकी लावायची, तरी विचारायचे? ... शब्द काय होता त्यांचा? आठवा. नीट आठवा, पोरी. खिडकी म्हणायचे, का झाकण?

...

जा आता तू. तो पाना दे इकडं, आणि जा.