ते रुसलंय

हॅलो? … अहो, कुठे आहात? … गाडीत? गाडीत काय करताय, मध्यंतर संपत आलं… घरी? असे मधूनच? … ऐका ना. अहो, ऐकून तर घ्या.

मला तरी कुठे ठाऊक होतं? शाळेवर विनोदी नाटक लिहिलंय, कामही मीच करतोय, दोघंही या, एवढंच म्हणाला होता आपला मुलगा. … हो ना, त्या बाई प्रजननाचा धडा आला की 'हे प्रकरण घरी वाचून या' म्हणतात आणि अख्खा वर्ग घरी जाऊन आईबापांना भंडावतो. तिथवर तुम्हीच तर पोट धरून हसत होतात.

नाही हो, तुम्हाला कुठे हसले लोक? नाटकातल्या बापाला हसले. … बरं, तो बाप म्हणजे तुम्हीच. तुमच्यासारखं खाकरतोसुद्धा. पण शाळेत असताना कुणावर जीव जडला, तर पोरानं घरी सांगायचं तरी कसं? 'ती' म्हणावं तर खोटं. 'तो' म्हणावं तर तुम्ही घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून 'ते'. आज ते रुसलंय, आज ते माझ्याशेजारी बसलं… आणि तुम्ही विचारलंत, दूध पितं का?

… हो, मीही मांजरच समजले. दोघंही सारखेच बावळट आपण.

काय? … हो, खरंच होता तो मुलगा. आत्ता विंगेत जाऊन विचारलं मी. याच्याच वर्गातला. … वडिलांची बदली झाली, गेले ते सगळे. … हो, तेव्हाच. पोरगं जेवेना, बोलेना, आणि तुम्ही पाठीवर हात फिरवत म्हणालात, गेलं तर गेलं, दुसरं आणू आपण.

… अहो… अहो, रडू नका. मायेनंच म्हणालात ना. … नाही, रागावलेला नाही. बाबा कुठेत, विचारत होता. चहा घेताहेत म्हटलं.

घंटा झाली. या ना आत. … तोंड काय दाखवायचंय, अंधारच असतो. … मी? मी नाही येत बाहेर. पुढचा प्रसंग तोच आहे म्हणाला, 'दुसरं आणू'चा. आपल्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या दिसल्या तर पोरगं कुणाकडे बघून बोलेल?

हॅलो? … मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही… बरं, राहू दे. तुमचा कोट इथेच राहिलाय. खुर्चीच्या पाठीला अडकवते. लांबून कुणीतरी बसलंय असं वाटेल त्याला… दिवे गेले. ठेवते मी.