गळ्यातला दगड

चहा पाजा, पण "ग्रीस लई भारी असेल ना?" असं कुणी विचारू नका, माझं डोकं फिरतंय. जर्मनीत शिकताना आमच्या वर्गाला ग्रीसच्या एका बेटावर पडकं देऊळ बघायला नेलं होतं. तिथला खडासुद्धा बाहेर न्यायला बंदी हाय. सगळे निघाले, आन् दारातल्या गार्डबाईनं मला एकटीलाच अडवलं. गळ्यातल्या चांदीच्या डबीकडं बोट करून म्हणती, "उघड."

उघडली. आत माझं इष्टलिंग.

"हा दगड इथनं उचललास?"

"न्हाई. लहानपणी निलंग्यात आमच्या स्वामींनी गळ्यात बांधलाय. देव हाय तो माझा."

"किती जुना?"

मी आधीच चिडलेली. म्हणलं, "आठशे वर्षांपासून बांधतो आम्ही!"

झालं! आठशे ऐकलं आन् बाईनं थेट साहेबालाच बोलावलं. तो म्हणाला, "तपासायला द्या." म्हणलं, "जीव गेला तरी परक्याच्या हातात देणार न्हाई." तिकडं आमची परतीची बोट भोंगा वाजवाय लागली आन् इकडं मी मराठीत शिव्या द्याय लागले. शेवटी आमच्या मॅडमनी फोनवर लिंगायतांचे फोटो शोधून दाखवले, तेव्हा सोडलं. सॉरीसुद्धा म्हणले न्हाईत.

बोटीत माझ्या शेजारी वर्गातला जर्मन लुकास बसला होता. त्यानं हळूच खिशातनं संगमरवराचा तुकडा काढला. "देवळातला हाय. आठवण म्हणून घेतला."

"आन् तुला कुणी अडवलं न्हाई?"

त्याला खरंच नवल वाटलं. "मला? मला कशाला अडवतील?"