फाटक्या नखाची रेघ

…आधी चहा घे वं सुरभी मॅडम, ते भिंग ठेव बाजूले. पांढरीच्या टेकाडातून, जुन्या गावाच्या जागेतून खनलेले तुहे खापरं हजारो वर्सं थांबले, चहापुरते अजून थांबतीन. काय म्हनतं? गाऱ्यात, मडक्याच्या मातीत, काय कालवतो? लीद अन् राख — लिही वहीत. तुह्या त्या जुन्या बाईनं भूस टाकलं असन, तिले कोनी सांगाले नोतं. हो, बाईच! तूच तं म्हनली, मडकं हातानं थापलेलं, काठावर बोटाचे ठसे इवलेसे, म्हंजे बाईचं काम. एवढ्यासाठी कालेजात गेलती? काठ कोन सजवते घरी — माहा नवरा, हा बुढा? त्याले सदऱ्याच्या गुंड्या नीट लावता येत नाई.

अन् हा कोनता तुकडा, कापसात गुंडाळलेला? लय लाडाचा दिसते. याच्यापाशी अडली का गाडी? आतून चाकाच्या रेघा, म्हंजे तुह्या हिशेबानं गड्याचा हात. अन् काठावर नखं बाईची. अन् हरेक नखाची रेघ दुहेरी — दोन दात्याचं हत्यार असन, म्हनतं? वा मॅडम, मोठं हत्यार काढलं! आन इकडे जरा… कुठं सापडला हा? वरच, न खनता? उताराले, बोरीच्या झाडाखाली?

हत्यार नोतं वं पोरी. हा माह्या हाताचा आंगठा पाह्य. लहानपनी विळ्यानं चिरला, तवापासून नख मधातून फाटकं. हे घे, ओल्या गाऱ्यात दाबला. मोज. मोज ना, तोंड काहून उतरवतं?

आमच्या घरी बाई चाकाले हात लावत नाई. गारा तुडवा, थापी मारा, रंग द्या, भट्टी लावा — चाक मातर गड्याचं. नवी नवरी होती मी. गडीमानसं फुलसावंगीच्या बजाराले गेलते, अन् मी फिरवलं. एकच मडकं, देवाशप्पथ! असं उठलं वं दोन्ही हातात… काठाले नखं देली अन् भट्टीत बाकीच्यांत लपवून भाजलं. सासूनं नखं पाह्यली अन् ओळखलं. फोडलं, अन् टोपलं माह्याच डोक्यावर देऊन पांढरीवर टाकाले लावलं. तवा रडली नाई मी. आता… भट्टीचा धूर हाय, दुसरं काही नाई.

तुहं सारं नाई चुकलं. बाईचं हाय, चाकावरचंच हाय. निस्ते वर्सं चुकले — चाळीसच झाले.

थांब, फटफटी वाजली, बुढा आला. लपवू नको! तो तुकडा तिथं ठेव, त्याच्या चाकावर, मधोमध. चाळीस वर्सं सांगून राह्यला — बाईच्या हाती चाकावर गारा उठतच नाई म्हनून. आज इचारू दे, कोनाचं नख हाय. तू जाय आता. चहा राहू दे — जाय म्हनलं ना!