सिकंदर नावाचा अर्थ

हॅलो?… हॅलो, दापोली पोस्ट? मी नसरुद्दीन, कतारहून. इथल्या एक्स्चेंजच्या जाफरभाईंनी लाइन जोडून दिलीय. माझी बायको तिथं येऊन बसली असेल, तिला द्या…

हॅलो, तय्यबा?… अगो, ओरडू नको, ऐकू येतंय. बाळ आणलंस ना?… झोपलाय? कोणावर गेलाय?… माझं नाक? बिचारा.

बरं, ऐक ना. उद्या अकीका. नाव सिकंदरच ठेवा… हो, हो, अम्मीनं सुचवलेलं रहमानही चांगलंच आहे. अगो, ऐक तर. माझ्या खोलीत तो ग्रीक फिटर होता ना, अलेक्झांड्रोस?… तोच. मला ताप आला तेव्हा लिंबू पिळून सूप पाजायचा. त्याचंच नाव म्हणजे आपलं सिकंदर… खरंच. अरबांनी इस्कंदर केलं, आपल्यापर्यंत येता येता सिकंदर झालं. अर्थ त्यानंच सांगितला. माणसांना राखणारा… जग जिंकणारा नाही गो, ते लोक म्हणतात. राखणारा.

तो?… गेला गावी, कायमचा. खाट रिकामीच आहे. एकट्यानं जेवण घशाखाली उतरत नाही.

काय?… पुन्हा बोल… हो, तो सिकंदर घर सोडून गेला तो परतलाच नाही, खरं आहे… म्हणून नको? तय्यबा… रडतेस?

अगो, मी येणार. सुट्टी मिळाली की पहिल्या बोटीनं, इन्शाल्ला… हो. मागच्या खेपेलाही हेच म्हणालो होतो.

पण ऐक. मी तिथं राखायला नाही, म्हणूनच तर हे नाव हवंय. निदान नाव तरी घरात राहील.

ठेवशील?…

गप्प का?… कळलं. निकाहाला वकील-साक्षीदार विचारायला आले तेव्हाही अशीच गप्प होतीस. तेच कबूल धरलं त्यांनी. मीही धरतो.

आता फोन त्याच्या उजव्या कानाला लाव. अजान अब्बांनी दिली, नाव तरी बापाच्या तोंडून ऐकू दे.

सिकंदर… बाळा, तुझं नाव सिकंदर. मी तुझा बाप. हा आवाज ध्यानात ठेव हं. अम्मीला रडवू नको.

हलला का गो?… तय्यबा?… हॅलो?

कोण?… जाफरभाई, तुम्ही मध्ये कसे?… लाइन कटली? कधी?… मागच्या खेपेचं बोललो, तिथंच?

म्हणजे ती गप्प नव्हती.

नाही, तिनं हो म्हटलंच नाही… आज परत लागणार नाही?… उद्याही नाही? अकीका उद्या आहे हो… असू दे. खलास.

जाफरभाई… तुम्ही ऐकलंत ना, कानात सांगितलं ते?… कसं वाटलं नाव?

शुक्रान. ठेवतो.