एक दिवसाआड

मुखेडला टीबीच्या गोळ्यांच्या रांगेत माझ्यापुढे दुकानदार शरणप्पा आणि त्यांची बायको नागम्मा बसले होते.

“खोकला थांबून महिना झाला. मग गोळ्या कशाला?” शरणप्पांनी विचारलं.

“सिस्टर म्हणल्या ना, काही जंतू फुफ्फुसात झोपून राहिलेत.”

“झोपलेल्यांनी काय बिघडवलं?”

“उठले की एकाचे दोन, दोनाचे चार होतात म्हणे.”

“मग उठल्यावर घेतो की गोळी.”

“उठले हे तुमाला कोण सांगंल? म्हणून रोज घ्यायची. घेऊन राहिलात ना रोज?”

“एक दिवसाआड.”

“का?”

“मधल्या दिवसाची मृत्युंजयला देतो. त्याला बी खोकला लागलाय.”

“मग भावजींना हितंच आणायचं की.”

“त्याच्या सृष्टीची सोयरीक चालू हाय. बापाचं नाव टीबीच्या रजिस्टरात लागलं, तर पाव्हणे येतील का?”

“आन् सृष्टी झोपते कुठं?”

“बापाच्याच खोलीत. का?”

“सकाळी पोळ्या करताना खोकून राहिली होती. मला वाटलं, मिरचीचा ठसका असंल.”

“आसंलच की ठसका.”

“आज मिरची कुठं होती?”

खिडकीतून सिस्टरनं विचारलं, “बोला, कुणाचं नाव लिहू?”